काळ्या खिडकीचं भांडण

माझी बायको रबाब गेली त्याच्या एकोणिसाव्या दिवशी आमच्या कंपनीच्या मालकानं, सरवतनं, मला त्याच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की मी जिंकलो.

हाच शब्द त्यानं वापरला. "जिंकलात तुम्ही, बाशमुहंदिस वजदी. सहा वर्षं सांगत होतात. आता आम्ही ऐकलं."

इंजिनिअर माणसाला आमच्याकडं बाशमुहंदिस म्हणतात. मान म्हणूनही म्हणतात आणि काम काढून घ्यायचं असलं की जास्तच म्हणतात.

आमची कंपनी लहान आहे. अलेक्झांड्रियात स्मूहा भागात, सातव्या मजल्यावर चार खोल्या आणि अकरा माणसं. जे लोक दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवतात त्यांना लागणारी हत्यारं आम्ही बनवतो. त्यातलं मुख्य हत्यार नौल. नौल म्हणजे हातमाग. रबाबचे आजोबा महल्ला शहरात विणकर होते, म्हणून तिनं ते नाव ठेवलं. नौल तिनं एकटीनं लिहिलं. ते काळ्या खिडकीत चालतं. त्यात चित्र नाही, बटण नाही. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की नौल वेबसाइटचे सगळे तुकडे विणून समोर ठेवतं. काही चुकलं असेल तर कुठं चुकलं ते अरबीत सांगतं.

मी त्याच कंपनीत, पलीकडच्या टेबलावर. माझं म्हणणं सहा वर्षं एकच होतं. लोक कोड लिहितात एडिटरमध्ये, तर मदतही एडिटरमध्येच मिळाली पाहिजे. त्यासाठी प्लगिन, म्हणजे एडिटरलाच जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बनवा. रबाबचं म्हणणं, नको. हे भांडण ऑफिसात सुरू व्हायचं आणि घरी मुलुखियाच्या पातळ भाजीच्या भांड्याशी संपायचं. खरं म्हणजे संपायचं नाही.

"माणूस लिहितोय तिथंच लाल रेघ उठली पाहिजे," मी म्हणायचो. "तुझं नौल म्हणजे सगळी वही भरून झाल्यावर छडी मारणारा मास्तर."

"आणि तुझा एडिटर म्हणजे दर घासाला तोंड पुसणारी आई. पोर मोठं कधी व्हायचं?"

"लोक घाबरतात काळ्या खिडकीला, रबाब."

"लोक तुझ्या आईलाही घाबरायचे. मी केलंच ना लग्न."

मग ती भाकरीचा तुकडा माझ्याकडं रोखून मुद्द्यावर यायची. एडिटर दर पाच वर्षांनी बदलतो, काळी खिडकी पन्नास वर्षं आहे. एडिटरला समोर माणूस लागतो. नौलला माणूस लागत नाही, पहाटे सर्व्हर आपला आपण उठून त्याला हाक मारू शकतो. "तेव्हा तुझ्या लाल रेघेकडं कोण बघणार? मांजर?"

अशी ती होती. एप्रिलमध्ये पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. अकरा आठवडे मिळाले.

तर सरवत म्हणाला, आम्ही ऐकलं. आखातातली एक मोठी कंपनी गिऱ्हाईक म्हणून येते आहे. त्यांना प्लगिन हवं आहे. नवीन पोरं सगळी एडिटरवाली आहेत. आपल्याकडं या कामाला चार माणसं, दोन हत्यारं सांभाळणं जमणार नाही. म्हणून प्लगिन बाहेर काढायचं आणि त्याच दिवशी नौल बंद करायचं. दोन्ही मी करायचं.

"कधी?"

"आजपासून तीन आठवड्यांनी. गुरुवारी."

"गुरुवारी कोण नवीन काढतं?" शुक्रवार-शनिवार सुट्टी. गुरुवारी काही मोडलं तर रविवारपर्यंत कुणी जागेवर नसतं. हे आमच्या धंद्यात काल लागलेल्या पोरालाही माहीत असतं.

"त्यांना गुरुवारच जमतो."

मी मनात मोजलं. एकोणीस आणि एकवीस. "त्या दिवशी रबाबचा चाळिसावा आहे."

सरवतनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तो वाईट माणूस नाही असं लोक म्हणतात. जनाज्याला आला होता, खांदाही दिला होता. "अल्लाह तिच्यावर रहम करो," तो म्हणाला. "मग मीटिंग दुपारी एकला ठेवू. तुम्ही सकाळी उरकून या."

उरकून. हा शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला.

तरी मी नाही म्हटलं नाही. हे इथं सांगितलं पाहिजे. मी टेबलावर जाऊन प्लगिनच्या कामाला लागलो. सहा वर्षं हवं होतं ते मिळत होतं. आणि घरी जाऊन करणार काय होतो?

घरी तिचा फोन होता. रबाबनं एक वेडेपणा करून ठेवला होता. नौल काही चूक दाखवायचं तेव्हा शेवटच्या ओळीत छापायचं: अडलात तर फोन करा. आणि खाली तिचा स्वतःचा नंबर. "जगात कुणी असं करतं का?" मी तेव्हा विचारलं होतं. ती म्हणाली, "इथं कोण मेल लिहितं रे? लोक फोनच करतात. मग थेटच करू दे." हॉस्पिटलातल्या खाटेवरून, नळ्या लावलेल्या असतानाही ती लोकांना सांगत होती, "नाही, आधी फोल्डर बदल. बदललास? आता एंटर." मी फोन काढून घेतला की दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही.

ती गेली तरी फोन वाजतच राहिला. बंद करायचा म्हणून मी रोज हातात घ्यायचो आणि चार्जिंगला लावायचो. बाविसाव्या दिवशी उचलला.

"मिस रबाब?" बाईचा आवाज. मागं पोरींचा कालवा.

"नाही. मी त्यांचा नवरा."

"त्यांना द्या ना जरा, उस्ताज. एकच मिनिट."

"ती वारली."

मागचा कालवा बंद झाला. तिनं हातानं गप्प केलं असावं. मग तिनं सगळं रीतीप्रमाणं म्हटलं, अल्लाह तिला जन्नतीत जागा देवो, तुम्हाला सबर देवो, आवाज मध्येच फुटला. मग नाक ओढलं आणि म्हणाली, "उस्ताज, माफ करा. पण माझ्या अठरा मुली इथं बसल्यात आणि नौल पुढं सरकत नाही."

मला असा राग आला, की फोन भिंतीवर मारावा. पण विचारलं, "काय म्हणतंय ते?"

तिनं वाचून दाखवलं. मला उत्तर येईना. बावीस वर्षं या धंद्यात घालवली, पण बायकोच्या हत्याराला काय सांगितलं की ते काय करतं, हे मला धड माहीत नव्हतं. मी फक्त त्याच्याशी भांडलो होतो.

"मिस रबाब मागं एकदा म्हणाल्या होत्या, आधी साफ करायला सांगायचं, मग विणायला," ती म्हणाली. "तसं करू का?"

"करा."

"चाललं!" मागं पोरींनी टाळ्या वाजवल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"असू दे. माझ्या नवऱ्याला घरातला गॅस कुठून बंद करतात तेही माहीत नाही."

तिचं नाव मिस फौकिया. दूर दक्षिणेकडं, सईद भागात मल्लावीला एका संस्थेत मुलींना वेबसाइट बनवायला शिकवते. मी तिला म्हणालो, काळजी करू नका, आता आमचं प्लगिन येतंय, एडिटरमध्येच सगळं होईल.

"कुठला एडिटर? तो मोठा? उस्ताज, आमच्या मशीन दानात आलेल्या. तो एडिटर उघडेपर्यंत मुली चहा करून पितात आणि कप धुऊन ठेवतात. आणि तो एकदाचा उघडला की वीज जाते. रोज दोन तास. आम्ही साध्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहितो आणि नौल चालवतो. नौल लगेच उठतं."

"दुसरी मशीन नाही मिळणार?"

"तुम्ही पाठवताय?"

त्यानंतर ती दर दोन दिवसांनी फोन करायला लागली. दमनहूरहून एक म्हातारा करायचा, अस्वानहून एक सुदानी पोरगा करायचा, तो तर मोबाइलवरूनच दूरचा सर्व्हर चालवायचा. मी उत्तरं शोधण्यासाठी रबाबचं काम वाचायला लागलो. वाचताना राग यायचा, कारण ते चांगलं होतं आणि हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं. काही ठिकाणी वाईटही होतं. तिथं जास्त राग यायचा, कारण आता सांगणार कुणाला?

दुसऱ्या आठवड्यात प्लगिनची चाचणी झाली. सगळे मोठ्या खोलीत जमले. इंजी नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी माझ्या हाताखाली होती, हुशार, तिनं प्लगिनला नौलच्या सूचना जोडल्या होत्या. तिनं मुद्दाम एक चूक केली. पडद्यावर लाल रेघ उठली, आणि खाली नौलची सूचना आली. पूर्ण उलटी. अक्षरं तुटलेली, ओळ शेवटाकडून सुरुवातीकडं.

खोली हसली. मुअतज़ नावाचा एकजण म्हणाला, "हे कुणी लिहिलंय? आरशात बघून?"

आणि हसू वाढलं. रबाबच्या कामाला तिच्या खुर्चीपासून चार हातांवर हसत होते.

"गप्प बसा!" मी ओरडलो. हातातला मार्कर मी फळ्यावर फेकला, तो उडून सरवतच्या कपाला लागला. "काळ्या खिडकीला अरबी येत नाही, गाढवांनो. ती डावीकडून उजवीकडं एकेक अक्षर टाकत जाते. सरळ ओळ दिली तर लोकांना उलटी दिसते. म्हणून तिनं प्रत्येक ओळ आधी उलटी करून, अक्षरं जोडून दिली, की लोकांना सरळ दिसेल. एडिटरला अरबी येतं, म्हणून इथं उलटं दिसतंय. तिनं उलटं केलेलं आपण परत सरळ केलं नाही. चूक आपली आहे. दहा ओळींचं काम आहे."

मुअतज़ लाल झाला. "मला माहीत नव्हतं, बाशमुहंदिस. मदामचं आहे हे..."

"कुणाचंही असू दे!"

सरवतनं रुमालानं टेबल पुसलं. "म्हणूनच म्हणतो," तो शांतपणे म्हणाला. "असल्या युक्त्यांवर चाललेलं जुनं हत्यार. काढून टाकलेलंच बरं."

त्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीत गेलो आणि दार लावलं. म्हणालो, प्लगिन काढू, पण नौल राहू दे. मल्लावीचं सांगितलं, अस्वानचं सांगितलं.

"मल्लावीच्या अठरा मुलींनी कंपनी चालते का?"

"नौलवर कंपनी उभी राहिली, सरवत."

"बाशमुहंदिस, चार माणसं दोन हत्यारांत वाटली की दोन्ही अर्धी राहतात. हे माझं वाक्य नाही, तुमचं आहे. तुमच्या मेलमध्ये आहे. काढून दाखवू?"

ते माझंच होतं. मला ते आठवतही होतं. लिहून झाल्यावर मी खूश होऊन रबाबला वाचून दाखवलं होतं.

"तिच्यासमोर कधी बोललास हे?" मी विचारलं. "सहा वर्षांत एकदा तरी? तिला तर तू मान डोलावून हो म्हणायचास."

"तिच्याशी वाद घालणं सोपं नव्हतं. अल्लाह रहम करो."

"मी घालत होतो. रोज. जेवताना."

"तेच तर. मग आता तुमच्याच बाजूनं निकाल लागला तर..."

"तू कोण निकाल लावणारा? भांडण माझं आणि तिचं होतं. ती असती तर मी तिच्याकडून निम्मं मान्य करून घेतलं असतं आणि निम्मं मी मान्य केलं असतं. तू तिच्या मरणाची वाट बघत बसला होतास."

हे जास्त झालं. त्याचा चेहरा उतरला. मी माफी मागितली नाही. म्हणालो, "प्लगिन देतो. नौलला हात लावणार नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही नका लावू."

मी मूर्ख. मला वाटलं, तो थांबला.

चाळिसाव्याला सकाळी मी आणि रबाबची थोरली बहीण ऐतिमाद अमूदच्या कब्रस्तानात गेलो. ऐतिमादनं रात्रभर जागून शुरेकचे पाव भाजले होते, गरिबांना वाटायला. कुराण म्हणणारा माणूस घाईत होता, अजून चार कबरी त्याच्या वाट्याला होत्या. ऊन चढलं होतं. मी पाव वाटत होतो आणि रबाबचा फोन खिशात वाजला. बारा वाजून गेले होते.

"उस्ताज वजदी, नौल मेलं," मिस फौकिया म्हणाली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, हे हत्यार बंद झालं आहे, प्लगिन बसवा. तीन ओळी. बाकी काहीच करत नाही. मघाशी उघडलं तेव्हा आपोआप नवीन आलं आणि हे सुरू झालं. सोमवारी मिनिया शहरातल्या कंपनीची माणसं येणार आहेत मुलींचं काम बघायला, चौघींना नोकरी द्यायची म्हणतात. उस्ताज, साइटी अर्ध्या आहेत. काहीतरी करा. जुनं परत आणता येतं का?"

"येतं," मी म्हणालो. "थांबा."

मी पावांची टोपली ऐतिमादच्या हातात दिली.

"कुठं?" ती म्हणाली.

"ऑफिसला."

"बायकोच्या कबरीवरून उठून ऑफिसला? आज? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

"ती असती तर..."

"ती असती तर एव्हाना पोचली असती!" मी ओरडलो. कुराण म्हणणारा थांबला. "तू बस. फातिहा तू वाच. मी उद्या येईन, परवा येईन, मला आता दुसरं काय आहे?"

टॅक्सीवाल्याशी मी उगाच भांडलो, रस्त्याशी भांडलो. वर पोचलो तर मोठ्या खोलीत केक होता. पांढऱ्या सायीवर हिरव्या अक्षरांत प्लगिनचं नाव. इंजी कोपऱ्यात बसली होती, मला बघून उभी राहिली.

"तू केलंस?"

"सकाळी नऊला. सरवत साहेब म्हणाले, तुम्ही हो म्हणालात. फक्त आज तुम्हाला... तुम्हाला त्रास नको म्हणून मी करायचं." तिचे डोळे भरले. "म्हणाला नव्हतात?"

"नव्हतो. परत ठेव. कालचं जे होतं ते."

"त्यांना विचारल्याशिवाय?"

मी माझ्या मशीनवर बसलो. माझा पासवर्ड चालेना. माझं नाव सकाळीच काढलं होतं. मी इंजीला खुर्चीवरून उठवणार होतो, तेवढ्यात सरवत आत आला. हातात सुरी होती, केकची, पण मी क्षणभर त्या सुरीकडंच बघत राहिलो.

"बाशमुहंदिस, आलात! बरं झालं. एक वाजतोय. आखातवाले लाइनवर आहेत. बाकी सगळं नंतर बोलू."

पडद्यावर तीन माणसं आली. दोन कोटवाली, आणि एक साधा शर्ट घातलेला, उस्ताज लुई, त्यांचा मुख्य इंजिनिअर. सरवतनं प्लगिन दाखवलं. लाल रेघ उठली, सूचना सरळ आली. कोटवाल्यांनी माना हलवल्या. प्लगिन चांगलं होतं. मी बनवलं होतं ते.

"छान आहे," उस्ताज लुई म्हणाला. "मला एकच विचारायचंय. आमच्याकडं दर तासाला सर्व्हर स्वतःच नौलला बोलावतो आणि साइटी बांधतो. तिथं एडिटर नाही, माणूस नाही. सकाळी दहापासून एकही साइट बांधली गेली नाही. नौल म्हणतंय, बंद झालं. प्लगिन सर्व्हरवर बसवायचं कसं?"

सर्व्हरवर प्लगिन बसत नाही. बसवायला एडिटर लागतो, एडिटरसमोर माणूस लागतो. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं आणि तीन आठवड्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी मुलींसाठी भांडलो, सर्व्हर विसरलो. तिनं मला शंभरदा ऐकवलेलं असून विसरलो.

सरवतनं सुरी खाली ठेवली. हसला. "नौल बंद? छे, छे. नौल तर आमचा कणा आहे. सकाळी जरा गडबड झाली, तात्पुरती. काय आहे, नौल आमच्या दिवंगत सहकारी मदाम रबाब यांनी बनवलं होतं. आज त्यांचा चाळिसावा. सगळे तिकडं होते. म्हणून कामात थोडं मागंपुढं झालं. तुम्ही समजून घ्याल."

पडद्यावरच्या तिघांनी खाली मान घालून तिच्यासाठी दुआ मागितली.

मी उठलो तेव्हा खुर्ची मागं पडली.

"खोटं आहे," मी म्हणालो. "मी तिचा नवरा. तिकडं मी होतो आणि तिची बहीण होती. हा इथं केक घेऊन बसला होता. नौल याच्या हुकमानं सकाळी नऊला बंद केलं, कायमचं. गडबड झाली नाही, ठरवून केलं."

"वजदी!"

"बाशमुहंदिस म्हण! इतके दिवस म्हणत होतास ना?" माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "ती जिवंत असताना तिच्याशी बोलायची तुझी छाती नव्हती. मेल्यावर तिचं काम पुसलंस. ते अंगाशी आलं तर आता तिच्याच कबरीमागं लपतोस? लाज कशी वाटत नाही तुला?"

सरवतनं आवाज बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर उस्ताज लुईचे ओठ हलत होते. "बाहेर व्हा," सरवत म्हणाला.

"आधी ते परत ठेव."

"बाहेर!"

"परत ठेव, मग फेकून दे मला खिडकीतून. सातवा मजला आहे, मनासारखं होईल तुझ्या."

त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पडद्यावर एक कोटवाला घड्याळ बघत होता. "ठेव," सरवत इंजीला म्हणाला. माझ्याकडं न बघता म्हणाला.

पाच मिनिटं लागली. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि फोन लावला. "आता बघा," मिस फौकियाला म्हणालो.

मला पलीकडं बटणं दाबल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "उठलं," आणि फोन ठेवून दिला. आभार नाही, काही नाही. तिला वेळ नव्हता.

सरवत माझ्या टेबलाशी आला. "रविवारपासून येऊ नका," तो म्हणाला. "नौल राहील. त्यांच्यासाठी राहील, तुमच्यासाठी नाही. हे लक्षात ठेवा."

"मल्लावीसाठी राहिलं नसतं, हे मीही लक्षात ठेवीन."

मी रबाबची शाल तिच्या खुर्चीवरून उचलली आणि निघालो. दोन वाजले होते, वीज गेली होती, लिफ्ट बंद. जिन्यात अंधार. राग जराही कमी झाला नव्हता. लोक म्हणतात, बोलून टाकलं की हलकं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. पाचव्या मजल्यावर मागून धावत येणारी पावलं ऐकू आली.

"बाशमुहंदिस! थांबा." इंजी होती, लॅपटॉप छातीशी धरून. "नौल आता मी सांभाळायचं म्हणाले."

"सांभाळ मग."

"मला येत नाही. मी कधी काळ्या खिडकीत काम केलेलं नाही. मला भीती वाटते, काही उडालं तर. तुम्हीच तर म्हणायचात, लोक घाबरतात."

"बरोबरच म्हणत होतो!"

"मग मी काय करू?"

मी तिच्याकडं पाहिलं. हिनंच सकाळी नऊला ते बंद केलं होतं. एकदा मनात आलं, मरू दे, सगळं मरू दे.

"बस," मी म्हणालो.

"इथं? पायरीवर?"

"वर मला बसू देणार आहेत? उघड ते. एडिटर नाही! काळी खिडकी."

ती बसली. मी तिच्या शेजारी बसलो. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला. मी सांगितलं ती ओळ तिनं टाइप केली आणि दुसरंच काहीतरी झालं.

"फोल्डर कोण बदलणार?" मी ओरडलो. "तुझी आत्या?"

चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं दार उघडलं. हातात मेणबत्ती होती. "काय झालं? कुणी पडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "शिकवतोय."

"असं शिकवतात?"

"हो, हाजी," इंजी मान वर न करता म्हणाली, आणि ओळ पहिल्यापासून टाइप करायला लागली.